‘हायर सेंटर’ लिहिण्याआधी

१ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनी यंदाही आपल्या शहरांत फेऱ्या निघतील, फलक लागतील, भेदभाव करू नका असे समाजाला सांगितले जाईल. ते आवश्यकच आहे. पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधले फॅमिली डॉक्टर, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, परिचारिका आणि लॅबचालक म्हणून आपण या दिवशी आधी स्वतःच्या दवाखान्याकडे पाहायला हवे. घरमालकाने नाकारले तर माणूस दुसरी खोली शोधतो. डॉक्टरने नाकारले की त्याचा उपचारांवरचा विश्वासच उडतो.

आपला नकार उघड नसतो. हर्नियाची शस्त्रक्रिया ठरलेली असते, फिटनेस मिळालेला असतो. प्री-ऑप तपासणीत एचआयव्ही रिअॅक्टिव्ह येतो आणि ‘आमच्याकडे तेवढी सोय नाही’ असे सांगून चिठ्ठीवर ‘हायर सेंटर’ लिहिले जाते. मग पेशंट उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, कळवा, सायन, जे.जे. अशा फेऱ्या सुरू करतो. जीन्सच्या कारखान्यातल्या शिलाई कामगाराचा किंवा एमआयडीसीतल्या कंत्राटी मजुराचा अशा प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. हर्निया तोच, शस्त्रक्रिया तीच. बदललेला असतो फक्त एक रिपोर्ट. कुठे फाइलवर लाल खूण होते, कुठे बिलात जादा किटचे पैसे लागतात, कुठे वॉर्डात सर्वांदेखत निदान उच्चारले जाते. एकदा असा अनुभव आलेला माणूस पुढच्या डॉक्टरला आजार सांगत नाही. चालू गोळ्याही लपवतो. म्हणजे त्याच्या जिवाला आणि पुढच्या उपचारांना असलेला धोका आपणच वाढवतो.

वैद्यकीय बाजू तर आपल्या भीतीच्या विरोधात आहे. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. नियमित एआरटीने व्हायरल लोड दबलेला असेल तर ती आणखी कमी. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला हेपॅटायटिस-बीचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तरीही आपल्या किती वॉर्डबॉयना आणि आयांना त्या लसीचे तिन्ही डोस मिळाले आहेत? शिवाय विंडो पिरियडमधला रिपोर्ट निगेटिव्ह येतो. रिपोर्ट पाहून सावध होणारा सर्जन त्या पेशंटसमोर पूर्ण बेसावध असतो. प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य मानून काम करणे, ही सार्वत्रिक खबरदारीच आपले खरे संरक्षण आहे.

कायदाही स्पष्ट आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ नुसार एचआयव्हीमुळे उपचार नाकारणे हा भेदभाव आहे. उपचारांसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. चाचणीला समजावून घेतलेली संमती लागते आणि निदान गुप्त ठेवावे लागते. वीस किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. हा कायदा होण्याच्या वीस वर्षे आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय. या खटल्यात सांगितले होते की, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाची नोकरी केवळ एचआयव्ही आहे म्हणून नाकारता येणार नाही. माणसाची क्षमता त्याच्या प्रकृतीवरून ठरते, हे तत्त्व न्यायालयाला पटले. डॉक्टरांना ते वेगळे शिकवायला लागू नये.

‘स्टाफ तयार होत नाही,’ असे अनेक सहकारी सांगतात. ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. कमी पगारावर, कधी ग्लोव्हजशिवायही वापरलेल्या सुया उचलणाऱ्या माणसाला भीती वाटणारच. ती दूर करणे ही नर्सिंग होमच्या मालकाची जबाबदारी आहे. तिची किंमत पेशंटने का मोजावी? ‘बाकीचे पेशंट जातील,’ ही दुसरी सबब. आपण गुप्तता पाळली तर बाकीच्यांना कळेल कसे?

तेव्हा या महिन्यात काही कामे कराच. संपूर्ण स्टाफचे हेपॅटायटिस-बी लसीकरण पूर्ण करा. ग्लोव्हज, गॉगल आणि सुया टाकण्याचे छिद्र न पडणारे डबे प्रत्येक पेशंटसाठी वापरात ठेवा. सुई टोचली तर प्रतिबंधक गोळ्या कुठे मिळतील, हे ओटीच्या भिंतीवर लिहा. त्या शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. फाइलवरच्या खुणा आणि बिलातले वेगळे शुल्क बंद करा. संमतीशिवाय चाचणी करू नका. रिपोर्ट रिअॅक्टिव्ह आला तर पेशंटला एकांतात सांगा, समुपदेशन आणि एआरटीशी जोडून द्या, पण ठरलेली शस्त्रक्रिया आपल्याकडेच करा.

खरोखर वरच्या केंद्राची गरज असेल तर जरूर पाठवा. मात्र चिठ्ठीवर वैद्यकीय कारण लिहा आणि तिथल्या डॉक्टरशी स्वतः बोला. ते कारण लिहिता येत नसेल, तर त्या पेशंटवर उपचार करण्याची जबाबदारी आपलीच आहे.