जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आला आहे. घरातला लॅपटॉप आठ-नऊ वर्षांचा आहे. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून होतो. त्यात आता पडद्यावर सूचना येते की हे यंत्र विंडोज ११ साठी योग्य नाही. दुकानदार सांगतो, हा मोडीत द्या, नवा घ्या. मुलीचे कॉलेज सुरू आहे, हप्ते आधीच दोन चालू आहेत. काय करावे?

बहुतेकांना माझे उत्तर सारखेच आहे : इतक्यात नवा घेऊ नका. इथे दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा आहे. लॅपटॉप संथ आहे, हे एक दुखणे. विंडोज १० ची मुदत संपली, हे दुसरे.

दुसऱ्याबद्दल आधी सांगतो, कारण त्याची भीती जास्त पसरली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. त्यामुळे लॅपटॉप बंद पडत नाही, फायलीही कुठे जात नाहीत. फक्त सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणे थांबते. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. मात्र घरगुती वापरासाठी कंपनीने वर्षभराची सवलत ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची सोय दिसते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, तर पैसे पडत नाहीत. एवढे आजच करून टाका. विचार करायला वेळ मिळतो.

विंडोज ११ नाकारले जाते ते मुख्यतः दोन कारणांनी. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर नव्या पिढीचा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपला कोणता, हे ओळखणे सोपे आहे. ‘आय५-७२००यू’ असे लिहिले असेल तर सातवी पिढी, ‘आय५-८२५०यू’ असेल तर आठवी. काही दुकानांत ही अट चुकवून विंडोज ११ बसवून देतात. ते चालतेही. पण पुढची अपडेट येतीलच याची हमी कंपनी देत नाही. घरातल्या एकुलत्या एक लॅपटॉपवर असा प्रयोग मी करणार नाही.

आता संथपणाचे. २०१५ ते २०१८ च्या सुमाराच्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क आहे. आत खरोखरच एक तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि एक काटा तिच्यावर इकडून तिकडे धावत माहिती उचलतो. दुकानात गिऱ्हाईक दहा आणि गोदामातून माल आणणारा पोऱ्या एकच, अशी तिची अवस्था. विंडोज सुरू होताना शेकडो लहान लहान फायली एकाच वेळी मागते आणि बिचारा काटा धावत सुटतो. तोपर्यंत प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला असतो.

हे स्वतः तपासता येते. लॅपटॉप सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘डिस्क’च्या रकान्यात बराच वेळ ९०-१०० टक्के आणि ‘सीपीयू’त दहा-वीस टक्के दिसत असतील, तर दोष बहुधा डिस्कचा आहे. यंत्र म्हातारे झालेले नाही.

अशा वेळी फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवायची. तिच्यात फिरणारा भाग नसतो, सगळे चिपवर. जुन्या लॅपटॉपमध्ये बसते ती अडीच इंची साटा एसएसडी, जुन्या डिस्कच्याच खाचेत, त्याच जोडणीवर. साटाची वेगमर्यादा सेकंदाला सुमारे ५५० एमबी, फिरती डिस्क त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर दमते, आणि लहान लहान फायलींच्या बाबतीत तर दोघींची तुलनाच नको. काही लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची वेगळी, चिंचोळी खाचही असते. तिथे सावध राहा. एम.२ च्या पट्ट्या दोन जातींच्या येतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला बहिणी-बहिणी, पण साटाच्या खाचेत एनव्हीएमई चालत नाही. मॉडेल नंबर घेऊनच दुकानात जा.

मेमरी, म्हणजे रॅम, हा दुसरा भाग. चार जीबीवर आजचा ब्राउझर पाच-सहा टॅब उघडले की धापा टाकतो. आठ जीबी घरकामाला पुरते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरी निवडली की किती खाचा आहेत आणि किती भरल्या आहेत, ते दिसते. डीडीआर३एल आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. अगदी पातळ लॅपटॉपमध्ये तर मेमरी बोर्डालाच डाख लावून पक्की केलेली असते, तिथे काहीच वाढवता येत नाही. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर एसएसडी आधी घ्या, मेमरी नंतर. दोन्हींचा खर्च मिळून नव्या लॅपटॉपच्या किमतीपेक्षा बराच कमी येतो. पण दोन दुकानांत विचारा, भाव खालीवर होत असतात.

हुजूर (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधत, कपड्याला ठिगळ स्वतः लावत, हे आपण मुलांना सांगतो. मग घरातली वस्तू एका सुट्या भागाने नीट होत असताना ती कर्ज काढून बदलणे हा इसराफ नाही तर काय? उलटही सांगायला हवे. पडदा फुटलेला, बिजागर तुटलेले, बॅटरी फुगलेली, प्रोसेसर मुळातच अगदी हलक्या जातीचा, अशा लॅपटॉपवर पैसे घालणे हाही इसराफच. फुगलेली बॅटरी असेल तर तो वापरणे आधी बंद करा, आग लागू शकते.

डिस्क बदलायला लॅपटॉप दुकानात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काय जाते याचा विचार फार थोडे लोक करतात. त्या डिस्कवर निकाहाचे फोटो आहेत, घरातल्या मुली-सुनांचे घरच्या कपड्यांतले फोटो आहेत, सगळ्यांची आधार कार्डे, पासपोर्ट, अब्बांच्या कुवेतच्या इकाम्याची प्रत. ही अमानत आहे. ‘डिलीट’ केल्याने किंवा साध्या फॉरमॅटने ती पुसली जात नाही, दोन पैशांच्या सॉफ्टवेअरने परत काढता येते. म्हणून काम समोर बसून करून घ्या. डिस्क बदलायला फार वेळ लागत नाही. जुनी डिस्क दुकानात ‘एक्स्चेंज’मध्ये मुळीच देऊ नका. यूएसबीची एक साधी केस मिळते, तिच्यात घातली की तीच डिस्क घरची बॅकअप डिस्क होते. आणखी एक गोष्ट. काही लॅपटॉपमध्ये बिटलॉकर हे कुलूप आपल्या नकळत चालू असते. डिस्क काढण्यापूर्वी मायक्रोसॉफ्ट खात्यातून त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. नाही तर आपल्याच फायली आपल्याला परक्या होतील.

नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना दुकानदार ‘क्रॅक’ची प्रत टाकतो, हे सर्रास चालते. त्याची गरजच नसते. लॅपटॉपबरोबर आलेला अस्सल विंडोज १० चा परवाना त्याच्या मदरबोर्डाशी जोडलेला असतो. डिस्क किंवा मेमरी बदलली तरी तो जात नाही. तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेट जोडले की आपोआप लागू होतो. दुकानदाराला हे ठणकावून सांगा. क्रॅकच्या प्रतीत व्हायरस असण्याची भीती आहेच, पण प्रश्न हलालचाही आहे. या विषयावर उलेमांत मतभेद होते. तरी १९८८ साली कुवेतमधल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखन आणि शोध यांवरचे हक्क शरीअतने जपलेले हक्क मानले. मुलांना नकल करू नका म्हणायचे आणि त्यांचा लॅपटॉप चोरीच्या प्रतीवर चालवायचा, हे मला तरी जमत नाही.

अस्सल परवाना मुळातच नसेल, किंवा विंडोज ११ बसत नसेल, तर लिनक्सचा रस्ता मोकळा आहे. हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ज्याची सुरुवात केली, ते हे सॉफ्टवेअर आज जगभरचे सर्व्हर चालवते, आणि अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. त्याचे अनेक अवतार आहेत. विंडोजची सवय असलेल्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो. ते फुकट आहे, कायदेशीरपणे फुकट. केरळच्या सरकारी शाळांत मुले कितीतरी वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकत आहेत, तेव्हा हे फक्त इंजिनिअरांचे काम आहे असे समजू नका. मिंट पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, छपाई होते का, हे बघा, मग ठरवा.

मात्र घाई करू नका, कारण अडचण बहुतेक वेळा आपण ज्यावर काम करतो त्या सॉफ्टवेअरची असते. आपल्या घरांत ती बहुधा इनपेजची असते. मदरशाच्या पावत्या, जलशाचे इश्तिहार, निकाहाच्या पत्रिका, कुणा चाचांच्या गझलांची वही, सगळे इनपेजमध्ये. १९९४ च्या सुमारास आलेल्या या सॉफ्टवेअरने नस्तालीक संगणकावर आणले, त्याचे उपकार मोठे आहेत. पण ते विंडोजचे आहे, आणि जुन्या आवृत्तीतल्या फायली दुसऱ्या कशातच धड उघडत नाहीत. म्हणून विंडोज काढण्यापूर्वी त्या फायली इनपेजच्या नव्या, युनिकोड जाणणाऱ्या आवृत्तीत उघडून मजकूर युनिकोडमध्ये काढून ठेवा, आणि प्रत्येक फायलीची एक पीडीएफही. मराठीचेही तेच. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि वाचून तपासा. रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात.

एकदा मजकूर युनिकोड झाला की मराठी, उर्दू, अरबी तिन्ही लिनक्सवर सुखाने नांदतात. मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि उर्दूचा उच्चारानुसारी कीबोर्ड मिळतो, नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट आहे, आणि उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय लिब्रेऑफिसमध्ये आहे. पत्र, अर्ज, हिशेबाचा तक्ता यांना लिब्रेऑफिस पुरते.

टॅलीवर दुकान चालत असेल, जीएसटीसाठी डिजिटल सहीची डोंगल लागत असेल, किंवा मुलाच्या परीक्षेचे सॉफ्टवेअर फक्त विंडोज-मॅकवर चालणारे असेल, तर विंडोज ठेवा. एसएसडी मोठी असेल तर दोन्ही शेजारी शेजारी बसवता येतात. आणि ज्यांच्याकडे कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आहे, त्यांनी पेनड्राइव्हवरच त्याची नीट परीक्षा घ्यावी. त्याला लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो आणि तो सरळ वागत नाही.

दुबई-दोहाहून भाऊ मॅकबुक पाठवतो म्हणाला, असेही दोन-तीन जणांनी लिहिले आहे. यंत्र उत्तम असते. फक्त २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ पासून पुढच्या मॅकबुकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, तेव्हा घेतानाच पुरेशी घ्यायला सांगा. कीबोर्डवर अरबी अक्षरे चालतील का, हेही आधी ठरवा. टॅली तिथेही थेट चालत नाही. विंडोजवर वापरलेली बाहेरची डिस्क मॅकला जोडली तर फायली दिसतात पण तिच्यावर लिहिता येत नाही, कारण तिची मांडणी एनटीएफएस असते. दोन्हीकडे चालायला हवी तर फायली दुसरीकडे हलवून ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

घरात दहावी-बारावीचे किंवा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे मूल असेल, तर परीक्षा संपेपर्यंत यातले काहीही करू नका. तोवर फक्त त्या एक वर्षाच्या सवलतीची नोंदणी आणि फायलींची एक प्रत, एवढेच. मिंटची पेनड्राइव्ह घरच्या घरी कशी तयार करायची, ते इन्शाअल्लाह पुढच्या अंकात.