अर्थशास्त्राच्या पदवीत संख्याशास्त्र पहिल्या वर्षीच हवे

बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झालेली मुले परळी वैजनाथमध्ये बी.ए.चा अर्ज भरतात तेव्हा विषयांची निवड बहुधा एका ठरलेल्या हिशेबाने होते. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे तीन विषय स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतात, तिन्हींची पुस्तके मराठीत मिळतात आणि मुख्य म्हणजे गणिताची कटकट राहत नाही, असे सांगितले जाते. घरची वडीलधारी मंडळी सांगतात, पुढच्या वर्गातली मुले सांगतात, स्पर्धा परीक्षेच्या अकादमीतले मार्गदर्शकही सांगतात. या सल्ल्यातली शेवटची गोष्ट साफ चुकीची आहे, आणि तिच्यामुळे सबंध पदवीची आखणी बिघडते. ज्याने अर्थशास्त्र मुख्य विषय म्हणून घेतला आहे त्याने पहिल्या दोन सत्रांतच संख्याशास्त्र आणि कामापुरते गणित हातावेगळे केले पाहिजे. ते केले नाही तर पुढचा प्रत्येक पेपर व्याख्या आणि मुद्दे पाठ करण्याचा होतो. या चुकीची सर्वाधिक किंमत मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला नव्हे, तर परळीसारख्या गावातल्या विद्यार्थ्यालाच मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

निवडीला वाव कुठे आहे, हे आधी पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. बीड जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, त्यामुळे मुख्य विषयाचे पेपर विद्यापीठच ठरवते. पण तीन वर्षांच्या पदवीला लागणारे 120 ते 132 श्रेयांक सगळे मुख्य विषयाचे नसतात. त्यांत मायनर विषय आहे, कौशल्याचे पेपर आहेत, क्षेत्रप्रकल्प आहे, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आहे. सुरुवातीच्या वर्षांत ओपन इलेक्टिव्ह आहे आणि तो दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावा लागतो. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्याला वाणिज्य किंवा विज्ञानाच्या वर्गात जाऊन बसण्याची वाट आता नियमानेच मोकळी झाली आहे. ती वाट बहुतेक जण सर्वांत सोपा पेपर शोधण्यासाठी वापरतात. वाणिज्य शाखेचे व्यावसायिक गणित किंवा विज्ञान शाखेचे प्राथमिक संख्याशास्त्र त्याच जागी बसू शकते, हे त्यांना प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

संख्याशास्त्र कशासाठी, याचे उत्तर परळीच्या अर्थव्यवहारातच मिळते. या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्याने मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम म्हणजे उचल. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली आणि टनाला 273 रुपयांचा दर 366 रुपयांवर गेला. बातमी इथे संपते, अर्थशास्त्राचे काम मात्र इथून सुरू होते. समजा, एका कोयत्याने एक लाखाची उचल घेतली आणि दिवसाला दोन टन ऊस तोडला. रोजची कमाई 732 रुपये, म्हणजे उचल फिटायला 137 दिवस लागतील. यात पोटापाण्याचा खर्च, आजारपण, खाडे काहीच धरलेले नाही. पाऊस कमी पडून ऊस घटला आणि हंगाम 100 दिवसांत आटोपला, तर कमाई 73,200 रुपये होते आणि 26,800 रुपये अंगावर राहतात. पुढच्या वर्षी पुन्हा लाखाची उचल घेतली की फेड 1,26,800 रुपयांची, आणि त्याच दराने ती पूर्ण करायला 173 दिवसांहून अधिक काम हवे. इतका लांब हंगाम सहसा चालत नाही. कर्ज एका वर्षातून दुसऱ्या वर्षात कसे सरकते, हे या चार ओळींच्या गणिताने दिसते. ‘ग्रामीण कर्जबाजारीपणाची कारणे’ या प्रश्नाचे दहा मुद्दे पाठ केल्याने ते दिसत नाही. आणखी एक पायरी पुढे जाऊ. तोडणीच्या दराचा करार तीन हंगामांचा असतो आणि दर तेवढा काळ तोच राहतो. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर तिसऱ्या हंगामातल्या 366 रुपयांत पहिल्या हंगामातल्या 332 रुपयांएवढाच माल येतो. निर्देशांक ज्याला कळला त्याला ही घट दिसते. ज्याला कळला नाही तो 34 टक्के हाच आकडा धरून बसतो.

आकडेमोडीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकडा आला कुठून, हे विचारण्याची सवय. 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्येची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. तालुक्यातल्या गावांतली जी कुटुंबे तेव्हा कारखान्यांच्या फडावर होती, त्यांची नोंद कुठे झाली आणि त्या आकड्यांवर बेतलेल्या गावच्या योजनांचे काय झाले, हा पदवीच्या विद्यार्थ्याने क्षेत्रप्रकल्पात हाताळण्याजोगा खरा प्रश्न आहे. पण त्यासाठी नमुना म्हणजे काय आणि तो एकांगी कसा होतो, हे आधी शिकलेले असले पाहिजे. नाही तर तोच विद्यार्थी डिसेंबरात गावात प्रश्नावली घेऊन फिरतो, घरी असलेल्यांनाच प्रश्न विचारतो आणि ‘गावात स्थलांतर अल्प आहे’ असा निष्कर्ष लिहून गुण मिळवतो. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचेही असेच आहे. 2013 च्या दुष्काळात आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्याअभावी त्याचे संच बंद ठेवावे लागले. स्थिर खर्च, बदलता खर्च, संधीखर्च, बाह्य परिणाम हे सगळे पाठ्यपुस्तकी शब्द त्या एका घटनेत सामावलेले आहेत. वीज निघाली नाही तरी कोणता खर्च चालूच राहतो, आणि पाणी आधी कोणाचे, हे विचारायला परळीच्या विद्यार्थ्याला परदेशी उदाहरणाची गरज नाही. क्षेत्रप्रकल्प पदवीच्या पुढच्या टप्प्यावर येतो, म्हणून त्याची हत्यारे त्याआधीच हाती यायला हवीत. पदवीची आखणी करायची ती या प्रकल्पाकडून मागे येत करावी.

यावर पहिला आक्षेप स्पर्धा परीक्षेचा येतो, आणि तो हलका समजू नये. कोरडवाहू शेतीच्या या भागात सरकारी नोकरी हीच अनेक घरांची खरी आशा आहे. पण परीक्षाच बदलली आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. त्यात आर्थिक पाहणीतला तक्ता वाचून त्यावर मत मांडता येणे हे मुद्दे आठवण्यापेक्षा अधिक कामाचे आहे. भारतीय आर्थिक सेवेसाठी तर अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते, आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या ठिकाणी त्या पदवीच्या प्रवेशपरीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र विचारले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नमुना अभ्यासक्रमात अर्थशास्त्र ऑनर्सच्या पहिल्याच सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राबरोबर गणिती पद्धतींचा पेपर होता. संख्याशास्त्र तिसऱ्या सत्रात आणि अर्थमिती चौथ्यात. दिल्लीचा मुलगा ज्या क्रमाने शिकतो तो क्रम परळीच्या मुलाला लागू नाही असे म्हणणे म्हणजे त्याच्यासाठी पुढची दारे आपणच आधी लावून घेणे होय.

दुसरा आक्षेप असा की कला शाखेच्या मुलाला गणित झेपत नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात सांख्यिकी, संभाव्यता आणि अर्थनियोजन ही प्रकरणे आहेत. अकरावीच्या अर्थशास्त्रात विभाजन मूल्ये आहेत, बारावीच्या अर्थशास्त्रात निर्देशांक आहेत. हे सगळे मराठीतूनच शिकवले जाते आणि ते उत्तीर्ण होऊनच विद्यार्थी बी.ए.च्या दारात येतो. मग पदवीला आल्यावर त्याला हे झेपणार नाही असे ठरवणारे आपण कोण? पहिल्या वर्षी हवे ते गणित फार मोठे नाही: गुणोत्तर, टक्केवारी, रेषेचा चढ, मध्य आणि मध्यक, निर्देशांक, नमुना, आणि संगणकावर तक्ता मांडण्याचा सराव. यातला मध्यक आणि मध्य यांतला फरक जरी पक्का झाला, तरी जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाच्या आकड्याकडे तो वेगळ्या नजरेने पाहील. भीती खरी असते, हे मान्य. पण ती विषय टाळून जात नाही.

तिसरा आक्षेप विद्वानांकडून येतो आणि मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. अर्थशास्त्र आधीच गणिताच्या आहारी गेले आहे, त्याचा माणसांशी संबंध तुटला आहे, असे ते म्हणतात. 2008 च्या आर्थिक संकटानंतर मँचेस्टर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हीच तक्रार केली, आणि 2014 मध्ये अनेक देशांतल्या विद्यार्थी संघटनांनी एकत्रित पत्र काढून अभ्यासक्रमात इतिहास आणि इतर विचारधारा यांना जागा मागितली. त्यांचे बरोबर आहे. पण त्यांची तक्रार जगाशिवायच्या गणिताबद्दल होती. आपल्याकडे गणितही नाही आणि जगही नाही, फक्त नोट्स आहेत. आकडे आणि माणसे एकत्र पाहण्याची परंपरा तर आपल्याच मातीतली आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची जमीन, कर्ज आणि मजुरी घरोघर तपासून 1917 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवरचा निबंध लिहिला. जमीन लहान आहे म्हणून शेती तोट्यात, हा तेव्हाचा सर्वमान्य समज त्यांनी खोडून काढला. धारण किफायतशीर आहे की नाही हे तिच्या आकारावर ठरत नाही, भांडवल आणि श्रम यांच्याशी तिचे प्रमाण काय यावर ठरते, हा त्यांचा युक्तिवाद प्रमाणाचा, म्हणजे गणितीच आहे, आणि त्यातून निघणारी काळजी शेतीत अडकून पडलेल्या माणसांची आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या गरिबीचे मोजमाप राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून केले. या चौघांना आकड्यांनी माणसांपासून दूर नेले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

उरते ती अडचण: लहान महाविद्यालयात संख्याशास्त्राचा शिक्षक नसतो, वेळापत्रक जुळत नाही. ही अडचण खरी आहे, आणि ती विद्यार्थ्याने एकट्याने सोसावी असे म्हणता येणार नाही. पण वाणिज्य शाखा त्याच आवारात असेल तर प्रश्न वेळापत्रकातल्या एका तासाचा उरतो. नसेल तर स्वयंम या सरकारी मंचावरचे अभ्यासक्रम श्रेयांकासाठी धरण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी दिली आहे. आकड्यांचा तर तुटवडाच नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते, बीडचेही करते. अर्थशास्त्र विभागांनी ते पहिल्या सत्रापासून वर्गात आणावे. आणि यंदा प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना एवढीच विनंती आहे की ओपन इलेक्टिव्हचा रकाना भरण्यापूर्वी वाणिज्य आणि विज्ञान विभागांची यादी मागून घ्या, आणि तिच्यात गणिताचा किंवा संख्याशास्त्राचा जो पेपर असेल तो निवडा.