सिकाईची तारीख हाही हक्कच आहे

दिल्लीच्या एम्समधल्या कर्करोग रुग्णालयाला बाबासाहेबांचं नाव आहे. डॉ. बी. आर. आंबेडकर इन्स्टिट्यूट रोटरी कॅन्सर हॉस्पिटल. खासगी रेडिओथेरपी परवडत नाही म्हणून बिहार, उत्तर प्रदेशापासून लोक इथे येतात. नावाचा अभिमान आपल्याला आहेच. पण त्या दारातून आत गेलेल्या आपल्या माणसाला मशीनवरची तारीख कधीची मिळते, हे आपण विचारायला हवं.

रेडिओथेरपीला दिल्लीतले रुग्ण ‘सिकाई’ म्हणतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला ती बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे घ्यावी लागते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आतून द्यायच्या रेडिएशनसह सगळा उपचार साधारण आठ आठवड्यांत संपावा लागतो. सुरुवातीला उशीर झाला तर गाठ वाढते. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात. म्हणजे लांबची तारीख देणं हे कित्येकदा उपचार नाकारणंच असतं.

मशीनवरचं काम काही मिनिटांचं, पण रोजंदारीवरच्या माणसाचा अख्खा दिवस जातो. सोबत आलेल्याचाही जातो. एम्सची ७१० खाटांची राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९ मध्ये हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यात, बाढसा गावात सुरू झाली. सोय वाढली हे चांगलंच झालं. पण सीमापुरीतल्या कचरावेचक बाईने तीस-पस्तीस दिवस तिथे रोज कसं पोहोचायचं? ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराला दीड महिन्याची रजा कोण देणार? घाणीची आणि धुराची कामं जातीने आपल्या वाट्याला दिली. आजारपणाची भरपगारी रजा मात्र दुसऱ्यांच्या वाट्याला गेली.

स्वस्तात सरकारी जमीन घेतलेल्या दिल्लीतल्या खासगी रुग्णालयांनी १० टक्के खाटा आणि २५ टक्के बाह्यरुग्ण सेवा गरिबांना मोफत द्यावी, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. ‘सोशल ज्युरिस्ट’ या संस्थेच्या याचिकेवरचा हा निकाल. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही अट कायम केली. रेडिओथेरपी बहुतेकदा भरती न होता घेतली जाते. म्हणून कॅन्सरच्या रुग्णासाठी यातला २५ टक्क्यांचा भाग फार मोलाचा आहे.

इथे आपले शिकलेले लोकही फसतात. या योजनेला ‘ईडब्ल्यूएस’ म्हणतात, आणि २०१९ च्या १० टक्के आरक्षणातून एससी, एसटी, ओबीसी वगळलेले असल्यामुळे हेही आपलं नाही असं वाटतं. रुग्णालयातल्या ईडब्ल्यूएसची कसोटी कुटुंबाचं उत्पन्न ही आहे. जात कोणतीही असो, हक्क आहे. राखीव जागांचा बॅकलॉग कसा तयार होतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको. जागा कागदावर असते आणि ‘उमेदवारच आला नाही’ असा शेरा पडतो. मोफत खाटांचं तसं होऊ द्यायचं नसेल तर मागणारे हवेत.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सरकारी केंद्राने कोणत्या मशीनवर किती दिवसांची प्रतीक्षा आहे आणि मशीन किती दिवस बंद होतं, हे दर महिन्याला जाहीर करावं. सरकारी तारीख वैद्यकीय मुदतीपलीकडे जात असेल तर रुग्णाला त्याच आठवड्यात खासगी रुग्णालयातल्या मोफत कोट्यात पाठवावं, आणि ती जबाबदारी रुग्णालयाची असावी. उपचार चालू असेपर्यंत राहण्याची सोय आणि बुडालेली मजुरी मिळावी.

घरातला पहिला पदवीधर हाच घरातला अर्ज लिहिणारा असतो. आईचं रेशनकार्ड, भावाची शिष्यवृत्ती, शेजाऱ्याचा दाखला, सगळं त्याच्याकडे येतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला केंद्राचं शुल्क १० रुपये आहे. दिल्लीत शिकणाऱ्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्यातल्या शंभर जणांनी प्रतीक्षायादीबद्दल एकेक अर्ज टाकला, तर रुग्णालयांना शंभर उत्तरं लेखी द्यावी लागतील. मोहीम तिथून सुरू करता येईल.