विजेत्यांची खतावणी

स्वतः लंगोट न कसता कुस्तीवर वाद घालणाऱ्यांची एक मोठी जमात आपल्याकडे आहे आणि मी तिचा जुना सभासद आहे. बँकेच्या नोकरीतली सात वर्षे मी कोल्हापुरात काढली. शाखेच्या मागच्या गल्लीत तालीम होती आणि तालमीच्या तोंडाशी चहाची टपरी. संध्याकाळी रोकड जुळली की आम्ही तिथे जमत असू. कोणता पैलवान मोठा, हा तिथला कायमचा विषय. वाद कधी मिटला नाही आणि तो मिटावा असे कुणाला वाटलेही नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे गेल्या दिवाळीत आमच्या घरी रंगलेला तसाच एक वाद. भाचा बरीच वर्षे अमेरिकेत, आयोवा राज्यात आहे. त्याचा दहा वर्षांचा मुलगा तिथे कुस्ती शिकतो. नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) हे दोघे ओळीने तीन-तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, हे मी मोठ्या अभिमानाने सांगत होतो. भाचा म्हणाला, ‘‘मामा, आमच्याकडे कॉलेजात शिकणारी पोरं चार-चारदा राष्ट्रीय विजेती झालीत.’’ त्यावर चिरंजीव उसळून म्हणाले, ‘‘चार नाही आजोबा, पाच! स्टारोचीची पाच आहेत. पाच म्हणजे पाच!’’ मग बापलेकांची जुंपली. मी ऐकत बसलो आणि नंतर कितीतरी दिवस तोच विचार करीत राहिलो.

प्रकार असा आहे. अमेरिकेत विद्यापीठांची राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा दर मार्चमध्ये तीन दिवस चालते. वजनी गट दहा. कुस्तीही ऑलिम्पिकपेक्षा निराळी. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्यावर ताबा ठेवण्याला तिथे मोल आहे आणि खालून सुटून उठणाऱ्यालाही गुण आहे. विद्यार्थ्याला साधारणपणे चार हंगाम खेळता येतात. एखादे वर्ष स्पर्धेबाहेर राहून ते मागे शिल्लक ठेवण्याचीही सोय आहे. म्हणजे चार वर्षांत चार विजेतेपदे ही कमाल मर्यादाच झाली. ती गाठायला फार वर्षे लागली. ओक्लाहोमा स्टेटच्या पॅट स्मिथने १९९०, ९१, ९२ आणि ९४ साली विजेतेपदे मिळवली, तेव्हा कुठे पहिला ‘चौवार’ विजेता झाला.

त्यानंतर आला आयोवा स्टेटचा केल सँडरसन. १९९९ ते २००२ अशी सलग चार वर्षे तो विजेता झाला आणि महाविद्यालयीन कारकिर्दीत १५९ कुस्त्या खेळून त्याने एकही हरली नाही. १५९ विरुद्ध शून्य! माझ्यासारख्या माणसाला असा ताळेबंद पाहिला की आधी संशय येतो, पण इथे प्रत्येक नोंद तपासलेली आहे. पुढे २००४ साली अथेन्सला त्याने ऑलिम्पिक सुवर्णही घेतले. भाच्याच्या मते वाद इथेच संपतो.

पण चिरंजीवांचे काय? पेन स्टेट विद्यापीठाचा कार्टर स्टारोची २०२१ ते २०२५ अशी पाच वर्षे विजेता झाला. हे त्याच्याआधी कुणी केले नव्हते आणि त्याला शिकवणारा मुख्य प्रशिक्षक होता खुद्द सँडरसन. गुरूची चार, शिष्याची पाच. मोजणीच करायची तर शिष्य पुढे गेला. मात्र कोविडमुळे २०२०-२१ चा हंगाम कुणाच्याच हिशेबात धरायचा नाही, असे ठरले होते. स्टारोचीला पाचवे वर्ष मिळाले ते त्यामुळे. यात त्याचा दोष काडीचाही नाही. मिळालेल्या संधीचे सोने करणे हेही कर्तृत्वच आणि २०२४ चे विजेतेपद तर त्याने गुडघा दुखावलेला असताना मिळवले. पण पाच हा आकडा पाच दारे उघडी असणाऱ्यालाच गाठता येतो, एवढे तरी मान्य करायला हवे.

आता उलटी बाजू पाहू. १९६० च्या दशकात योजिरो उएताके नावाचा जपानी तरुण ओक्लाहोमा स्टेटमध्ये शिकायला गेला. १९६४ ते ६६ अशी तीन वर्षे विजेता झाला आणि कॉलेजात एकही कुस्ती हरला नाही. त्याच काळात, १९६४ ला टोकियोत आणि १९६८ ला मेक्सिकोत, त्याने जपानसाठी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. मग त्याची विजेतेपदे तीनच का? कारण त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला या स्पर्धेत उतरण्याची परवानगीच नव्हती. खात्यात जमा तीन दिसते, कारण चौथ्या वेळी खिडकीच बंद होती.

आणि आयोवा विद्यापीठाचा स्पेन्सर ली? तो २०१८, २०१९ आणि २०२१ चा विजेता. मधल्या २०२० च्या हंगामात तो अपराजित होता, पण महामारीमुळे स्पर्धाच रद्द झाली. २०२१ चे विजेतेपद त्याने गुडघ्यांचे अस्थिबंध तुटलेले असताना मिळवले. २०२३ साली चौथे विजेतेपद हाताशी आले असे वाटत असताना उपान्त्य कुस्तीत अगदी शेवटच्या क्षणी तो चीत झाला. आपल्या वाचकांना हे नाव पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकवरून आठवेल. ५७ किलो गटात आपल्या अमन सेहरावतने कांस्यपदक मिळवले, त्याच गटात लीला रौप्य मिळाले. त्याच्या कॉलेजच्या खतावणीत मात्र २०२० ची ओळ कोरीच राहिली आहे. कोरी ओळ आणि शून्य यांत फरक असतो. बेरीज करणाऱ्या यंत्राला तो कळत नाही. माणसाला कळायला हवा.

तेव्हा नुसती मोजणी पुरत नाही. मोजणीत पैलवानाच्या कर्तृत्वाबरोबर नियमांचे, नशिबाचे आणि काळाचे पैसेही जमा झालेले असतात. मग मोजायचे काय?

माझ्या मते, त्याने धोक्यात काय घातले ते. म्हणून मला कॉर्नेल विद्यापीठाच्या काइल डेकचे मोल अधिक वाटते. २०१० ते २०१३ अशी चार वर्षे तो विजेता झाला आणि एकही वर्ष मागे न ठेवता झाला. पण चारही वेळा वजनी गट वेगळा होता! १४१ पौंड, मग १४९, मग १५७. दर वर्षी जिंकलेली गादी सोडून तो वरच्या गटात गेला. २०१३ साली त्याला १५७ पौंडांत सुखाने राहता आले असते. पण तो १६५ मध्ये गेला आणि त्या गटात गतविजेता डेव्हिड टेलर बसलेला होता. अंतिम कुस्ती या दोघांतच झाली. डेकने ती ५-४ अशी, अवघ्या एका गुणाने जिंकली. टेलर किती मोठा होता, हे पुढे टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये त्याने सुवर्ण घेतले तेव्हा जगाला कळले. डेक कॉलेजात काही कुस्त्या हरला आहे, त्याचा ताळेबंद सँडरसनइतका स्वच्छ नाही. पण खात्रीची मुदत ठेव दर वर्षी मोडून सगळी रक्कम नव्या व्यवहारात घालणारा माणूस मी नोकरीत क्वचितच पाहिला. आणि त्यातून चारही वेळा वर आलेला तर एकही नाही.

पराभवाचा विषय निघाला तर डॅन गेबलला टाळून पुढे जाता येत नाही. शाळेत अपराजित, आयोवा स्टेटमध्ये १९६८ आणि ६९ चा विजेता. १९७० साली शेवटची अंतिम कुस्ती खेळायला उतरला, तेव्हा शाळा-कॉलेज मिळून लागोपाठ १८१ विजय त्याच्या नावावर होते. वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज मुद्दाम वजन उतरवून त्याच्याच गटात आला होता आणि त्याने गेबलला १३-११ असे हरवले. वहीच्या अगदी शेवटच्या ओळीवर लाल शाई सांडली. दोन वर्षांनी म्युनिकच्या ऑलिम्पिकमध्ये गेबलने प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्ण जिंकले आणि नंतर प्रशिक्षक म्हणून आयोवा विद्यापीठाला १५ सांघिक विजेतेपदे मिळवून दिली. विजेतेपदे मोजली तर कॉलेजात त्याची दोनच. पण आयोवात आजही कुस्तीचे नाव घेतले की पहिल्यांदा त्याचे नाव येते, असे भाचा सांगतो.

नियतीचा खेळ पाहा. मार्च २०२५ मध्ये फिलाडेल्फियाला ज्या रात्री स्टारोचीने पाचवे विजेतेपद घेतले, त्याच रात्री गेबल स्टीव्हसन हा टोकियोचा सुवर्णविजेता अंतिम कुस्तीत वायट हेन्ड्रिक्सनकडून ५-४ असा हरला. आईवडिलांनी त्याचे नाव डॅन गेबलवरूनच ठेवले होते. त्या नावाबरोबर शेवटच्या कुस्तीतला पराभवही वाट्याला आला.

असो. हे सगळे वाद घालता येतात याचे एक कारण असे की, तिथे प्रत्येक कुस्तीची नोंद आहे आणि त्या नोंदीमागे एक विद्यापीठ उभे आहे. आपल्याकडेही एकदा कॉलेज एका पैलवानामागे उभे राहिले होते. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तारण घेण्यात माझा जन्म गेला. याहून चांगल्या कामासाठी गहाण पडलेले घर मला माहीत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट लपवणे बरे नाही. १९९१ च्या सुमारास टपरीमागच्या तालमीतला एक मुलगा माझ्या टेबलाशी आला. आंतरविद्यापीठ स्पर्धा दोनदा खेळलेला. खांदा निखळला, तालीम सुटली, बी. ए. अर्धेच राहिले. दोन म्हशींसाठी कर्ज हवे होते. ‘‘साहेब, जमीन न्हाई. ही हाईत,’’ असे म्हणून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून प्रशस्तिपत्रकांची चळत काढून टेबलावर ठेवली. आदल्याच संध्याकाळी टपरीवर मी त्याच्याच एका कुस्तीवर तासभर बोललो होतो. अर्जात त्या कागदांसाठी रकाना नव्हता. मी ते चाळले, नीट जुळवून परत पिशवीत ठेवले आणि जामीनदार आणायला सांगितले. तो पुन्हा आला नाही. मी नियमाप्रमाणे वागलो होतो आणि तेव्हापासून ते मला टोचते आहे.

म्हणून सर्वांत थोर कोण, हा वाद जरूर चालू राहावा. तो खेळावरच्या प्रेमाचाच भाग आहे. माझे मत डेकच्या बाजूने, भाच्याचे सँडरसनच्या, आणि चिरंजीव पाचाच्या आकड्यावरून हलायला तयार नाहीत. दहाव्या वर्षी आकड्यावर विश्वास असावाच. पण ज्याच्या विजयावर आपण चहाचे पेले रिकामे करतो, तो कॉलेजचा पोरगा शेवटच्या कुस्तीनंतर कुठे जातो, हा प्रश्नही त्याच वादात एकदा तरी निघाला पाहिजे. तो आम्ही त्या टपरीवर सात वर्षांत एकदाही काढला नाही.