सोसणे आणि टिकणे

‘गरिबीत वाढलेले मूल मनाने आपोआप कणखर होते,’ हे वाक्य मी अनेक सभांमधून ऐकले आहे. खरे सांगायचे तर अनेक वर्षे मी स्वतःही ते वर्गात आणि मैदानावर उच्चारत आलो. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते वाक्य मला जाहीरपणे मागे घ्यायचे आहे.

खांब परिसरात पहाटे बाहेर पडणाऱ्याला धावणारी मुले दिसतात. कोणी पोलीसभरतीसाठी धावतो, कोणी सैन्यभरतीसाठी, तर कोणी शालेय क्रीडास्पर्धांसाठी. एका बाजूला महामार्गावरची अवजड वाहने, दुसऱ्या बाजूला भातखाचरांचे बांध, आणि पावसाळ्यात पायाखाली नुसता चिखल. पालक विचारतात, “सर, आमचा मुलगा निम्म्या अंतरातच थांबतो. त्याचं मन पक्कं कसं करायचं?” हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर मुलाच्या मनात शोधण्यापूर्वी आपण मोठ्यांनी थोडे आपल्याकडे पाहिले पाहिजे.

अविनाश साबळे याचे उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा. वाहनाची सोय नसल्याने वयाच्या सहाव्या वर्षापासून तो सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी धावत जाई. आपली भाषणे येथेच थांबतात: पाहा, कष्टाने माणूस घडतो! पण रोहा-पेणच्या वाड्यांवरूनही मुले वर्षानुवर्षे पायपीट करत शाळेत आली. वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर स्थलांतर झाले की त्यांची ती शाळाही सुटली. पायपीट तीच होती. मग त्यांतून किती धावपटू घडले?

अविनाश घडला तो पुढे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाला. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्याने सेवा केली. सैन्याच्या क्रॉस कंट्री स्पर्धांतून तो २०१५ साली धावण्याकडे वळला आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला तीन हजार मीटर स्टीपलचेस या शर्यतीकडे आणले. पोटभर सकस अन्न, पायांत योग्य बूट, दुखापतीत वैद्यकीय उपचार आणि रोज वेळ मोजणारा जाणता माणूस या चार गोष्टी मिळाल्या, तेव्हा लहानपणीच्या त्या पायपिटीचे सार्थक झाले.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्याच्या पलटणीचा पूर्वेतिहास येथे आठवतो. १८९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. आपल्याच जिल्ह्यातील महाड भागातले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध विनंतीअर्ज केला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. पुढे १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी ही मागणी लावून धरली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्या मधल्या अर्धशतकात आपल्या माणसांतला काटकपणा काही आटला नव्हता. दार बंद होते, एवढेच. आज या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांतील जवान आहेत, आणि ज्या दारातून अविनाश आत गेला ते दार कोणीतरी झगडून उघडलेले होते.

आता मनाच्या कणखरपणाविषयी. स्टीपलचेसमध्ये साडेसात फेऱ्यांत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या, असे ३५ वेळा उडी घ्यावी लागते. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत इतरांच्या पडझडीत अविनाशला अडथळा झाला. भारताच्या आक्षेपानंतर त्याला अंतिम फेरीत प्रवेश मिळाला आणि तेथे त्याने राष्ट्रीय विक्रम केला. टोकियोत विक्रम मोडूनही त्याची अंतिम फेरी हुकली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक सेकंदाच्या अवघ्या विसाव्या हिश्श्याने गेले. परंतु १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दरवेळी नेणाऱ्या केनियाची मक्तेदारी त्याच रौप्यपदकाने मोडली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टला तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. त्यानंतर सहा आठवड्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. तो दिवस होता १ ऑक्टोबर, महार रेजिमेंटचा स्थापना दिवस!

प्रत्येक अपयशानंतर त्याला परतायला जागा होती, सराव होता, मार्गदर्शक होता. हरल्यावर परत येता येते हा अनुभव पुनःपुन्हा मिळाला की मन टिकाऊ होते.

हे मला उशिरा समजले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, दुसऱ्या एका गावी असताना, माझी एक विद्यार्थिनी शर्यतीच्या शेवटच्या फेरीत थांबली. सर्वांसमोर मी तिला म्हणालो, “तुझं मनच कच्चं आहे.” ती काही बोलली नाही. पुढे काही महिन्यांनी आरोग्य तपासणीत तिच्या अंगात रक्त फारच कमी असल्याचे निघाले. तोवर तिने धावणे सोडले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. लोहाच्या कमतरतेला आपण मनाची कमतरता म्हणतो, आणि मूल ते खरे मानून बसते.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे आहे. आधी रक्त तपासा, न्याहारी पाहा, बूट पाहा, झोप पाहा. मग मनाकडे वळा. मुलाला संपूर्ण अंतर दाखवून घाबरवू नका. पुढच्या वळणापर्यंतचे, पुढच्या झाडापर्यंतचे अंतर द्या. अंतर आठवड्याआठवड्याने थोडेथोडे वाढवा आणि विश्रांतीचा दिवस चुकवू नका. आनापान करताना आपण मुलांना श्वास आणि शरीरातील संवेदना नुसत्या पाहायला शिकवतो. धावतानाही तेच उपयोगी पडते. ही धाप आहे की दुखापत, हे मुलाला ओळखता आले पाहिजे. धाप असेल तर पुढे जायचे, दुखापत असेल तर थांबायचे. अशा थांबण्याला भित्रेपणा म्हणू नये.

आपल्या आजोबा-पणजोबांनी खूप सोसले. त्यांच्या सोसण्याला मी वंदन करतो, पण ते नातवंडांसाठी अभ्यासक्रम म्हणून ठेवू इच्छित नाही. सोसणे त्यांच्यावर लादले गेले होते. टिकणे मात्र आपल्या मुलांना स्वतः निवडता आले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे अन्न, मैदान व धीराचा शब्द देणे हे आपले काम आहे. माझी ती विद्यार्थिनी आज कोठेतरी चाळिशीत असेल. हा लेख तिच्या वाचनात आला, तर तिने एवढेच समजावे की त्या दिवशी कच्चे होते ते तिच्या गुरुजींचे ज्ञान.