एक ना धड, असे कोण म्हणतो?

ठाण्याच्या बाळकुममधल्या एखाद्या पोराने पीएच.डी.ला प्रवेश घेतला आणि स्केटबोर्डच्या स्पर्धा सोडल्या नाहीत, की सोसायटीतली मंडळी म्हण फेकतात: एक ना धड, भाराभर चिंध्या. या म्हणीआड तीन आक्षेप दडले आहेत.

पहिला वयाचा. हा पोरांचा खेळ आणि प्रबंध संपेस्तोवर तिशी येते. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगच्या पार्क प्रकारात चीनची झेंग हाओहाओ 11 वर्षांची होती, हे खरे. पण त्याच प्रकारात पुरुषांमध्ये उतरलेला ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड 51 वर्षांचा होता!

दुसरा एकाग्रतेचा. विद्या आणि मैदान यांचे हाडवैर असते, तर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला नसता. ‘तो काळ वेगळा’ म्हणाल, तर ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर पाहा. लोझानमध्ये गणिताचे संशोधन करता करता, व्यावसायिक संघाचा करार नसताना, तिने टोकियो ऑलिंपिकच्या सायकल शर्यतीत सुवर्ण मिळवले.

तिसरा आक्षेप असा, की पडण्याधडपडण्यातच वेळ जातो. पण स्पर्धेचे नियमच पडणे गृहीत धरतात. पॅरिसला स्ट्रीट प्रकारात 45 सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि पाच ट्रिक्स होत्या. गुणांत धरली सर्वोत्तम फेरी आणि सर्वोत्तम दोन ट्रिक्स. तीन फसल्या तरी चालतात, म्हणूनच खेळाडू अवघड ते करून पाहतो. हमखास निष्कर्ष देणारे विषय निवडणाऱ्या संशोधकांनी हा हिशेब जरूर शिकावा.

मग वेळ खातो कोण? कापूरबावडीची कोंडी. बाळकुमहून पवई किंवा कुलाब्याची प्रयोगशाळा गाठण्यात जाणाऱ्या तासांवर मात्र कुणी म्हण फेकत नाही. उरलेल्या वेळात सराव करावा, तर पेव्हर ब्लॉकच्या फटींत बोर्डची छोटी, कडक चाके अडकतात. अमेरिकेत पोर्टलंडच्या स्केटरांनी 1990मध्ये बर्नसाइड पुलाखाली स्वतःच काँक्रीट ओतून पार्क उभारायला घेतला. आपल्या पोरांना एवढेही करायला लावू नका. घराजवळ गुळगुळीत काँक्रीटचा एक पट्टा असेल, तर रोजचा सराव तासाभरात उरकतो आणि प्रबंधाला संध्याकाळ उरते.

तेव्हा ‘बोर्ड की प्रबंध’ हे पोराला विचारू नका. तो पट्टा कुठे आणि कधी, हे महापालिकेला विचारा.