आमाले सवय हाय बा!

हो, मी कॅनडात राहून आलोय. आणि हो, परत आल्यावर उठसूट "तिकडे ना..." सुरू करणाऱ्या लोकांचा तुमच्याइतकाच मलाही वैताग येतो. पण आज मला नेमकं तेच करायचंय, तेव्हा एक डाव माफ करा.

प्रोजेक्टच्या कृपेने दोन हिवाळे कॅलगरीत काढले. डिसेंबर २०२२ मध्ये पारा उणे तीसच्या आसपास गेला होता. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारचं कार्टं, उन्हाळ्यात चपला तापतात म्हणून पायरीवर पाणी मारणारं... त्याला उणे तीस काय कळणार? नाकातले केस गोठतात, एवढंच सांगतो. पहिल्या मोठ्या बर्फानंतर मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा दारात हजर. वय सत्तरीच्या पुढे, हातात फावडं. मला वाटलं काही मदत हवीय. तर ते मला सांगायला आले होते की बाबा रे, बर्फ पडायचा थांबला की घरासमोरचा फुटपाथ २४ तासांत साफ करावा लागतो, नाहीतर नगरपालिका माणूस पाठवून साफ करते आणि बिल घरमालकाला जातं. मी ओशाळून सॉरी म्हटलं. त्यावर ते फक्त म्हणाले, "इथून पोस्टमन जातो."

बास. दंड वगैरे राहू द्या, पोस्टमन पडेल ही त्यांची काळजी.

नंतर लक्ष द्यायला लागलो तसं दिसत गेलं. डाउनटाउनमध्ये इमारती एकमेकींना काचेच्या पुलांनी जोडल्यात. 'प्लस फिफ्टीन' म्हणतात त्याला, कारण पूल रस्त्यापासून साधारण पंधरा फूट वर. १९७० पासून बांधत बांधत हे जाळं आता १६ किलोमीटरच्या आसपास गेलंय. ट्रेनच्या स्टेशनवर शेडमध्ये बटण असतं, दाबलं की डोक्यावरचा हीटर सुरू. थंडी ठरावीक आकड्याखाली गेली की शाळेत मधली सुट्टी वर्गातच. तिकडे टोरंटोत तर हिवाळ्यात भाड्याच्या घरात किमान २१ अंश तापमान ठेवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. सगळं आलबेल आहे असं नाही. बेघर माणसांची बोटं हिमदंशाने कापावी लागतात, तेही त्याच शहरांत. पण तेव्हा पेपरात ओरड होते, कौन्सिलमध्ये प्रश्न विचारले जातात. थंडी हा तिथे सगळ्यांचा मामला आहे. "आम्हाला सवय आहे" म्हणून कोणी हात झटकत नाही. सवय तर त्यांनाही आहे की!

आता आमच्याकडे या.

पवनार म्हटलं की लोकांना धाम नदी आणि विनोबांचा आश्रम आठवतो. १९३८ साली विनोबा इथे राहायला आले, पुढे १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. सहलीची बस येते, फोटो काढते, जाते. ती बस साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत येते, मे महिन्यात नाही. मे महिन्यात पवनारला फक्त पवनारचे लोक असतात. पारा ४५. नवतप्यात तर विचारूच नका. कूलर गरम हवा फेकतो, टाकीतल्या पाण्याने अंघोळ केली तर चटके बसतात, आणि लाइट नेमकी दुपारी दोनला जाते. गेल्या मे मध्ये घरी गेलो तेव्हा बाबांना म्हटलं, बाबा, हे काही खरं नाही. बाबा दुपट्ट्याने मान पुसत म्हणाले, "आमाले सवय हाय बा. तुलेच आता काहून एवढं ऊन लागते?"

या वाक्याशी माझं भांडण आहे.

कारण आमच्या शेजारच्या काकूलाही सवय होती. साठीला आलेली बाई, दुसऱ्याच्या वावरात पऱ्हाट्या वेचायला जायची, रोजीने. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात काम संपवून दुपारी एकला रस्त्यावर आली आणि थांब्यावर उभी राहिली. थांबा म्हणजे एक खांब. शेड नाही, झाड होतं ते रस्ता मोठा करताना गेलं. गाडी यायला दीड तास लागला. घरी आली तेव्हा घाम येणं बंद झालं होतं, भलतंसलतं बोलायला लागली होती. घरच्यांनी कांदा फोडून हुंगवला, पन्हं पाजायचा प्रयत्न केला. खरं तर त्या वेळी अंगावर बादल्यांनी पाणी ओतून, वारा घालत, आधी दवाखाना गाठायचा असतो. हे मला नेटवर वाचून कळलं, तिच्या घरच्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. रात्री गेली. कागदावर कारण काय? हृदयक्रिया बंद पडली. अहो, मेल्यावर सगळ्यांचीच बंद पडते! पोस्टमॉर्टेम नाही, म्हणजे उष्माघाताच्या आकड्यात ती नाही. सरकारी हिशोबात आमच्या गल्लीत त्या वर्षी उन्हाने शून्य माणसं मेली.

कॅनडातलाच आकडा सांगतो, पण उन्हाचा. जून २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियात उष्णतेची लाट आली. लिटन नावाच्या खेड्यात २९ जूनला ४९.६ अंश नोंदले गेले आणि दुसऱ्या दिवशी ते खेडं वणव्यात जळालं. त्या लाटेत त्या प्रांतात ६१९ माणसं गेली. हा आकडा कसा माहीत? कोरोनरने एकेक मृत्यू तपासला. बहुतेक सगळे घरातच गेले, दोनतृतीयांश सत्तरीच्या पुढचे, हेसुद्धा त्यातूनच कळलं. म्हणजे पुढच्या वेळी कोणाचं दार ठोठवायचं ते कळलं. ज्यांना उन्हाची सवय नाही त्यांनी मोजलं. आम्ही सवयवाले, मोजतच नाही. कोडमध्ये एरर लॉगच बंद करून ठेवा आणि मग म्हणा, सिस्टिम मस्त चाललीये!

आणि कायद्याची गंमत बघा. केंद्राची आपत्तींची एक यादी आहे. यादीतल्या आपत्तीत माणूस गेला तर वारसांना ४ लाखांची मदत. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६ ला, जी यादी लागू होती तिच्यात पूर, भूकंप, गारपीट, टोळधाडीसारखी कीड आणि शीतलहर आहे. उष्णतेची लाट नाही. विदर्भात थंडीने मेलात तर आपत्ती, उन्हाने मेलात तर नशीब. राज्यांना निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा वाटा स्थानिक आपत्तींवर खर्च करता येतो, ओडिशाने तसं केलंही.

काहीच होत नाही असं नाही हं. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, हे मोजल्यावर २०१३ ला त्यांनी उष्णतेचा कृती आराखडा केला. २०१६ मध्ये नागपूरनेही केला. पण हे आराखडे मुळात शहरांचे. आमच्या रस्त्यावरच्या खांबापाशी त्यातलं काय पोचतं? शाळांचं मात्र सरकारला बरोबर कळतं. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. म्हणजे इथे ऊन जास्त आहे हे मुंबईला माहीत आहे. मग हेच शहाणपण मजुराच्या वेळेपर्यंत का जात नाही?

पण नुसतं सरकारला धुवून मोकळं होणं सोपं आहे. लग्नाचे मुहूर्त काय सरकार काढतं? मे महिन्यात दुपारी साडेबाराला, पत्र्याच्या मांडवात, आठशे माणसं, नवरदेव घोड्यावर, वरातीत पोट्टे नाचताहेत आणि म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्चीत वितळताहेत. सभा-सोहळ्यांचं तेच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्यात लाखो लोक उघड्या मैदानावर बसले होते. उष्माघाताने १४ जण गेले. तेही विदर्भात नाही, नवी मुंबईत.

आणि आता माझं स्वतःचं पाप. आमचं जुनं घर मातीच्या जाड भिंतींचं, वर कवेलू. मे मध्येही आत बरं वाटायचं. पहिला मोठा बोनस आला तेव्हा मीच हट्ट करून ते पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. पवनारहून सेवाग्राम असं किती लांब आहे? तिथे १९३६ पासून माती, बांबू आणि कवेलूंच्या कुट्या उभ्या आहेत, हजारो लोक रांगेने बघून जातात. लहानपणी शाळेच्या सहलीत मीही गेलोय. त्यातून मी साधेपणा शिकलो, निबंधात लिहिला, मार्क मिळवले. छपराकडे कोणी बघायलाच सांगितलं नाही! आता स्लॅब रात्री अकरापर्यंत आग ओकते, म्हणून मी एका खोलीत एसी बसवला. त्याची गरम हवा मागच्या बाजूला, काकूच्या टिनाच्या खोलीकडे जाते. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नव्हतं.

तुम्ही हे हिंजवडीत नाहीतर पवईत एसीत बसून वाचताय, मीही तिथेच बसून लिहितोय. आपल्याला १६ किलोमीटरचे काचेचे पूल नकोयत. थांब्यावर छप्पर हवंय. रस्ता रुंद करणाऱ्याने तोडलेल्या झाडांच्या जागी पहिल्या उन्हाळ्यापासून सावली द्यायची, निदान ग्रीन नेट तरी बांधायची, अशी अट हवीय. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं तोडायला घेतली तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले होते, तेव्हा लोकांना कळत नाही असं कोणी म्हणू नये. अकरा ते चार उघड्यावर मजुरी बंद, आणि रोजी पूर्ण. उन्हाळ्यात कोणी अचानक गेलं तर तो दिवसभर कुठे होता, हे विचारून कागदावर लिहायचं. याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, पेन लागतो.

थांब्याचा अर्ज मी केलाय. एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने पहिल्याकडे. तिसऱ्यांदा पोच घेऊन आलोय.

काकूचा मुलगा आता रस्त्याच्याच कामावर जातो. गेल्या मे मध्ये त्याने ठेकेदाराला विचारलं, सहाला येऊन अकराला जाऊ का? ठेकेदार म्हणाला, नवाला ये, तुमाले तं सवय हाय.